तिसरा रकाना

माझ्या मुलीने मला माशांची पिल्ले तपासायला बसवले, त्याच्या आदल्याच दिवशी मी पुण्यातील एका रुग्णालयाला सतरावे पत्र पाठवले होते. मी राहतो त्या न्यूझीलंडमधल्या अल्बनीच्या टपालखिडकीवरची बाई आता मला ओळखते. ती 'किया ओरा' असा इथला नमस्कार करते, पाकीट तराजूवर ठेवते आणि विचारते, परत इंडिया? मी मान हलवतो. नोंदणी करून पाठवायचे का, हे ती आता विचारत नाही; मी नेहमीच हो म्हणतो.

पत्रे लिहिणे ही माझी जुनी खोड आहे. एकतीस वर्षे मी फौजदारी न्यायालयात निकाल लिहिले. निवृत्तीनंतर निकाल लिहिण्याचा अधिकार गेला आणि हात मात्र राहिला. मग मी महापालिकेला लिहिले, वीज मंडळाला लिहिले, आमच्या सोसायटीच्या सचिवाला तर इतके लिहिले की तो जिना बदलून येऊ-जाऊ लागला. न्यूझीलंडला आल्यावरही त्यात खंड पडला नाही. ठरल्या वेळेच्या दीड मिनिट आधी थांब्यावरून निघून जाणाऱ्या बसबद्दल मी बसकंपनीला लिहिले आहे, घड्याळासमोर उभे राहून चार दिवसांच्या नोंदी घेऊन. कचऱ्याच्या पिवळ्या झाकणाच्या डब्याबद्दल कौन्सिलला लिहिले आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात आणि तिथे दुधापेक्षा लॉटरीच जास्त विकली जाते. त्याच्या फलकातील दिशाभुलीबद्दलही एक मसुदा तयार होता. तो मुलीने फाडला.

वाचणाऱ्याला वाटावे की हा मनुष्य संतापाने थरथरत लिहीत असला पाहिजे. तसे नसते. लिहिताना माझे हात गार असतात आणि नाडी संथ असते. पत्नी गेल्यापासून माझा सगळा राग कागदावर राहतो. अंगात काहीच नसते. ताट समोर आले की जेवतो. कोणी हसले की हसतो. मुलीच्या घराच्या मागे एक झाड डिसेंबरात लालभडक फुलते. ते फुलले आहे, हे मला दुसऱ्याने सांगावे लागते.

रुग्णालयाचे प्रकरण थोडक्यात असे. माझ्या पत्नीच्या पोटात दुखत असे, म्हणून स्कॅन केला. अहवालात एका डॉक्टरने लिहिले: विशेष काही आढळले नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, देवाला पेढे ठेवले. सात महिन्यांनी दुखणे वाढले, तेव्हा दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरने जुन्या स्कॅनची सीडी मागून घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला की इथे शंका घेण्यासारखी एक सावली तेव्हाही होती. पुढे जे व्हायचे ते झाले. वर्षाच्या आत मी पुण्यातली सदनिका विकली आणि एकुलत्या एक मुलीकडे राहायला आलो.

पहिल्या अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध मी रुग्णालयाकडे दाद मागत होतो. उत्तरे येत. त्यांत माझ्या भावनांचा आदर असे आणि बाकी काही नसे. तिसऱ्या पत्रात मी एक वाक्य लिहिले होते. ते मला इतके नेमके वाटले की पुढच्या प्रत्येक पत्रात तेच शेवटी घातले: "शंका आली असेल, तर शंका लिहायला आपल्या आड कोणते कलम येत होते?"

हे वाक्य लक्षात ठेवावे अशी विनंती आहे. ते पुढे माझ्यावरच उलटणार आहे.

माझी मुलगी प्राण्यांच्या भ्रूणांवर संशोधन करते. अनेक वर्षे मला याचा अर्थ एवढाच कळला होता की ती सकाळी बसने शहरात जाते, मासे पाळते आणि उशिरा जेवते. जावई आठवड्याचे चार दिवस हॅमिल्टनला असतात. घरात आम्ही दोघेच. मी आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने मला जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर नेले. पाणी ओसरले होते. खडकांमधल्या डबक्यात हात घालून तिने काट्यांचा एक काळसर गोळा उचलला. त्याला इथे कीना म्हणतात. लोक तो फोडून कच्चा खातात. तिने तो उलटा करून माझ्यापुढे धरला. काट्यांच्या मधून बारीक नळ्यांसारखे शेकडो पाय बाहेर येत होते आणि हवेत काहीतरी चाचपत होते.

तिने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. जनुकांची घराणी असतात. तिचे आयुष्य ज्या एका घराण्यात चालले आहे, त्याचा मूळपुरुष फार जुना, माशी आणि माणूस वेगळे होण्याच्याही आधीचा. माशीत त्या घराण्याचे एकच जनुक आहे आणि ते भ्रूणाला पाय फुटताना पायांची टोके घडवते. ते मोडले तर पाय खुंटतात. फुलपाखराने तेच जनुक पंखांवरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांसाठीही वापरायला घेतले. कीनाच्या त्या चाचपडणाऱ्या पायांतही त्याचा वावर आहे. आपल्याकडे, म्हणजे पाठीचा कणा असणाऱ्यांकडे, एकाच्या अनेक प्रती झाल्या आणि त्या प्रतींनी जबडा, दात, मेंदूचा पुढचा भाग अशी कामे वाटून घेतली. माशांमध्ये तर सगळ्याच जनुकांच्या आणखी एकदा प्रती निघाल्या.

मी म्हणालो की मूळ दस्तऐवज शाबूत असताना प्रतीला पुराव्यात किंमत नसते.

"इथे उलट आहे बाबा," ती म्हणाली. "प्रत निघाली की तिच्यापुढे दोनच रस्ते. काम मिळवायचं नाहीतर मरायचं. बिनकामाची प्रत फार दिवस टिकत नाही, तिच्यात चुका साठत जातात. जी टिकलीय, ती काहीतरी करत असणार."

तिने कीना पाण्यात ठेवला. माझे पाय घोट्यापर्यंत बधिर झाले होते. ते पाणी थंड असल्यामुळे आहे, हे मला परत गाडीत बसल्यावर उमगले.

आता मुद्द्याचे. तिच्या माशात अशी एक जोडी होती. पहिल्या प्रतीचे काम सगळ्यांना ठाऊक होते: ती काढून टाकली की पिल्लाचा जबडा उघड बिघडतो. दुसरी प्रत काढून टाकली की वरवर पाहता काहीच होत नव्हते. तरीही ती प्रत कोट्यवधी वर्षे शाबूत राहिली होती. मुलीचे म्हणणे होते की दुसऱ्या प्रतीने एक लहान, वेगळे काम घेतले आहे. जबड्याच्या कोपऱ्यात कूर्चेचा एक बारीक तुकडा असतो, तो ती सरळ ठेवते. हे तिला सिद्ध करायचे होते. तिची नेमणूक कराराची होती आणि करार डिसेंबरात संपत होता. पुढचा करार द्यायचा की नाही हे ठरवणारी मंडळी या एकाच प्रश्नाचे उत्तर पाहणार होती: दुसरी प्रत काही करते, की करत नाही.

तपासणी एकदा झालीही होती. तिच्याकडे माशांच्या टाक्या सांभाळणारा नाशिकचा एक तरुण आहे. शिकायला म्हणून हॅमिल्टनला आला, दोन वर्षे एका डेअरीत गल्ल्यावर बसला आणि आता हजारो माशांचा पालक आहे. त्याने सगळी छायाचित्रे पाहिली होती. पण त्याने इतक्या पिल्लांपुढे 'सांगता येत नाही' असे लिहिले होते की निष्कर्ष कुठेच टेकेना. पद्धतीप्रमाणे, या कामाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणीतरी तीच छायाचित्रे पुन्हा पाहायला हवी होती.

एका रविवारी आमटीला फोडणी देता देता तिने मला विचारले. मी म्हणालो, मला यातले काय कळते?

"काहीच कळत नाही, म्हणूनच तुम्ही हवेत," ती म्हणाली.

अज्ञानाबद्दल मला आयुष्यात प्रथमच पद मिळत होते. मी ते स्वीकारले.

पद्धत मला मनापासून पटली. प्रत्येक छायाचित्राला फक्त एक क्रमांक. कोणत्या पिल्लातून कोणती प्रत काढली आहे आणि कोणते पिल्लू अबाधित आहे, याची यादी नाशिककराकडे कुलपात. मी पाहायचे, लिहायचे, आणि सगळे संपल्यावरच यादी उघडायची. आमच्या न्यायालयांत साक्षीदाराची जात, गाव आणि मेहुण्याची ओळख आधी कळते आणि साक्ष नंतर. ही शिस्त तिथे असती तर माझ्या हातून कदाचित बरे निकाल लागले असते.

छायाचित्रात चार-पाच दिवसांचे पिल्लू असे, काचेसारखे पारदर्शक, आणि त्यात फक्त कूर्चा निळ्या रंगाने रंगवलेली. जबड्याची एक कमान, तिच्यामागे फासळ्यांसारख्या आणखी कमानी, आणि कोपऱ्यात तो तुकडा, तांदळाच्या कणीचाही लहानसा भाग. तुकडा सरळ असेल तर 'ठीक'. वाकडा, तुटका किंवा नसलेला असेल तर 'बिघडलेला'. आणि तिसरा रकाना, 'सांगता येत नाही'. मुलीने मला बजावले होते की शंका आली तर तिसऱ्यात टाका आणि पुढे चला, उगाच डोके शिणवू नका.

मी ऐकून घेतले. मनात मात्र मला तो रकाना अपमानास्पद वाटला. ज्याच्यापुढे प्रकरण येते, त्याने निर्णय द्यायचा असतो. सांगता येत नाही असे लिहून न्यायाधीश घरी जाऊ शकत नाही. नाशिककराने तो रकाना भरून टाकला होता, हे मला माहीत होते; तरुण आहे, जबाबदारी घ्यायला कचरतो, असे मी मनातल्या मनात त्याच्या नावावर लिहूनही टाकले.

सहा आठवडे मी रोज नऊ ते बारा वरच्या खोलीत बसलो. चहा घ्यायचो, चष्मा पुसायचो, क्रमांक वाचायचो, पाहायचो, लिहायचो. हजाराहून अधिक चित्रे होती. इतकी वर्षे माणसांचे तोंड पाहून ती खरे बोलतात का ते ठरवले; आता तोंडच पाहायचे होते आणि बोलणे नव्हते. मला बरे वाटत होते असे म्हणणार नाही. पण बारा वाजले आहेत हे मला कळत असे, आणि पूर्वी तेही कळत नव्हते. या काळात मी एकही पत्र लिहिले नाही. टपालखिडकीवरच्या बाईने म्हणे एकदा मुलीजवळ चौकशी केली, मी बरा आहे ना.

काम संपले तेव्हा माझा तिसरा रकाना कोरा होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी तो तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढला, प्रत्येक पानावर सही केली आणि मुलीच्या हाती दिला.

शुक्रवारी यादी उघडली. संध्याकाळी ती घरी आली, बूट काढले आणि जिन्याच्या पायरीवरच बसली. तिने सांगितले की पहिल्या प्रतीचा निकाल अपेक्षेप्रमाणे आहे. दुसरी प्रत काढलेली पिल्ले आणि अबाधित पिल्ले यांच्यात मात्र काही फरक नाही. माझ्या तक्त्यात दोन्ही सारखीच 'ठीक' आहेत.

"म्हणजे दुसरी प्रत काही करत नाही, बाबा. संपलं."

मी म्हणालो की कदाचित माझी नजर कमी पडली असेल. तिने मान हलवली. ती म्हणाली की तुम्ही एकसुद्धा कागद न वाचता सही केली नाहीत कधी. तुम्ही मोजलेय ते बरोबरच असणार. लहानपणी गणिताचे उत्तर मी तपासले की ती ते पुन्हा तपासत नसे. तोच विश्वास तिच्या आवाजात होता. मग तिने कुकर लावला. शिट्ट्या मोजायला ती विसरली आणि भात लागला. आम्ही तो तसाच खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तिला अहवाल लिहायचा होता: दुसऱ्या प्रतीची भूमिका आढळली नाही. मंगळवारी तिने मला प्रयोगशाळेत नेले, कारण मूळ सह्यांचे तक्ते तिथे जमा करायचे होते. माशांच्या खोलीत उकाडा होता आणि पाण्याचा एकसारखा आवाज. नाशिककर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ओल्या जमिनीवर फिरत होता. थंडीतही हा मुलगा बूट घालत नाही, हे मला आधीपासून खटकत आले आहे. त्याने मला खुर्ची दिली, यंत्रातली कॉफी दिली आणि माझे तक्ते चाळू लागला. चाळता चाळता थांबला.

"काका, तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

मी म्हणालो, पुष्कळदा आली.

"मग ती कुठे टाकलीत?"

मी त्याला समजावून सांगितले, जसे नव्या वकिलाला सांगावे. शंका राहिली की तिचा फायदा आरोपीला मिळतो. हे तत्त्व आहे. त्याला अपवाद नाही. तुकडा वाकडा आहे असे निःसंशय दिसले नाही, तर तो सरळ धरायचा. म्हणून असे प्रत्येक पिल्लू मी 'ठीक'मध्ये घातले.

मुलगी टाकीपाशी उभी होती. तिने जाळी खाली ठेवली. नाशिककराने डोके खाजवले आणि अगदी अदबीने विचारले, "काका, पण यात आरोपी कोण आहे?"

मी म्हणालो, ते पिल्लू.

"पिल्लू तर साक्षीदार आहे ना. त्याने काय केलंय बिचाऱ्याने?"

वर सांगितलेच आहे की पत्नी गेल्यापासून मला फारसे काही जाणवत नाही. तेव्हाही जाणवले नाही. एवढेच झाले की कॉफीचा पेला हातात होता आणि तो गरम आहे की गार, हे मला सांगता येईना. मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. ती तक्त्याकडे पाहत होती आणि मनात हिशेब करत होती. शंकेची जागा कुठे असणार, हे तिला माझ्याआधी कळले होते. बिघाड मोठा असता तर शंका आली नसती. दुसऱ्या प्रतीचे काम लहान होते. म्हणून तिच्याविना वाढलेल्या पिल्लातला दोषही लहान असणार, आणि म्हणूनच तो शंकेच्या रूपात दिसणार. मी नेमक्या त्या सगळ्या साक्षी, दयाबुद्धीने, फाडून टाकल्या होत्या.

मी म्हणालो, तिसरा रकाना मला पळवाट वाटला.

"तिसरा रकाना म्हणजे परत बघायची यादी, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो निकाल नाही. त्यातली पिल्लं काढून, आडवी करून, मोठ्या भिंगाखाली परत बघायची असतात. तुम्ही ठीक लिहिलंत की ती कोणी परत बघतच नाही."

परतीच्या बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. बस पुलावर चढली. खाली बंदरात होड्या होत्या. ठीक लिहिले की कोणी परत बघतच नाही. पत्नीचा अहवाल मला तोंडपाठ आहे. विशेष काही आढळले नाही. त्या डॉक्टरने सावली पाहिली नव्हती असे नाही. पाहिली असेल, वाकडी म्हणावी इतकी ती ठाम नसेल, आणि त्याने ती सरळ धरली असेल. कदाचित दयाबुद्धीने. कदाचित दुपार झाली होती म्हणून. आणि काम संपल्यावर सुरू केलेल्या अठराव्या पत्राच्या मसुद्यात शेवटी माझेच वाक्य माझी वाट पाहत होते: शंका आली असेल, तर शंका लिहायला आपल्या आड कोणते कलम येत होते? माझ्या आड कोणतेच कलम येत नव्हते. उलट मला तसे लिहायला सांगितले होते.

त्या संध्याकाळी मी मुलीला पत्र लिहिले. एका घरात राहून पत्र लिहिणे हास्यास्पद आहे, पण तोंडाने मला फक्त समर्थन करता येते. कबुली द्यायला कागद लागतो. मी लिहिले की सदर तपासणी मी मला दिलेल्या सूचनांच्या विरुद्ध केली. सूचना स्पष्ट होत्या. गैरसमजाचा बचाव मी घेत नाही. तक्ता रद्द समजावा. पुन्हा तपासणीस मी पात्र आहे की नाही, हे तिने ठरवावे. खाली सही केली आणि कागद तिच्या ताटाखाली ठेवला.

तिने तो उभ्यानेच वाचला. मग हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"'सदर तपासणी' काय बाबा," ती म्हणाली. "सॉरी म्हणायचं ना सरळ."

मी सॉरी म्हणालो.

ती म्हणाली की तुम्ही यादी पाहिलेली नाही, तेव्हा तुम्ही अजूनही चालता. क्रमांक मात्र सगळे बदलावे लागतील. नाशिककराने दोन दिवस बसून नवे क्रमांक दिले. डिसेंबरला पाच आठवडे उरले होते. मी पुन्हा वरच्या खोलीत बसलो. या वेळी नऊ ते बारा आणि दोन ते पाच. सुरुवातीला तिसऱ्या रकान्यात खूण करताना हात अडे, जणू भर कोर्टात मला काही येत नाही असे सांगतो आहे. नंतर अडेनासा झाला. कधी कधी दिवसभरात तोच रकाना जास्त भरत असे. नाशिककर फोन करून विचारी, काका, आज किती आरोपी सोडले? मी म्हणे, आज एकही नाही, सगळे पुढच्या तारखेला. तो म्हणे, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत झकास.

माझ्या शंका आणि त्याच्या शंका बहुतेक ठिकाणी जुळल्या. जपून ठेवलेली ती पिल्ले बाटल्यांतून काढून आडवी केली, मोठ्या भिंगाखाली ठेवली आणि तिसऱ्याच एका बाईंनी, क्रमांकांशिवाय काही ठाऊक नसताना, पाहिली. तुकडा वाकडा होता. सगळ्यांत नव्हे, पण जिथे दुसरी प्रत काढलेली होती तिथे पुन्हा पुन्हा, आणि अबाधित पिल्लांत क्वचितच. दुसरी प्रत एवढेसे काम करत होती. एवढेसे काम करण्यासाठी ती इतक्या काळापासून जिवंत राहिली होती.

अहवाल वेळेत गेला. करार एका वर्षाने वाढला. एकाच वर्षाने, पण वाढला. मुलीने बाहेरून जेवण मागवले. जेवताना ती एकाएकी म्हणाली की आई असती तर तिने आधी विचारले असते, त्या एवढ्याशा तुकड्याने माशाचे काय अडते? आणि त्याचे उत्तर अजून माझ्याकडे नाही, असेही ती म्हणाली. मी म्हणालो की ती असेच विचारायची. पत्नीबद्दल आम्ही दोघे तीन वर्षांत प्रथमच, कुठल्याही पत्राच्या निमित्ताविना, बोलत होतो.

मग मी उठलो आणि माझ्या पेटीतून सीडी आणली. जुन्या स्कॅनची. सतरा पत्रे मी अहवालाच्या शब्दांवर लढलो होतो. चित्र एकदाही पाहिले नव्हते. मुलीने जुना संगणक शोधला, ज्यात सीडी लागते. पडद्यावर करड्या रंगाचे काप एकामागून एक सरकू लागले. मी चष्मा पुसला आणि सहा आठवडे अधिक पाच आठवडे शिकलो होतो तसा पाहू लागलो. मला त्यातले काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. एके ठिकाणी मला काही दिसल्यासारखे वाटले. पुढच्या कापात ते नव्हते.

"मी पाहिलीय ही," मुलगी म्हणाली. "तुम्ही इथे आलात ना, त्याच आठवड्यात. तुम्ही झोपला होतात."

मी विचारले, काय दिसले?

"सांगता येत नाही."

ती पडद्याकडेच पाहत होती.

"परत बघायला हवं होतं कोणीतरी," ती म्हणाली. "एवढंच."

अठरावे पत्र मी दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिले. ते एका पानात संपले. त्यात एकही कलम नाही. शंकास्पद स्कॅनवर शंका लिहावी आणि ते दुसऱ्या डॉक्टरने पुन्हा पाहावेत, असा नियम रुग्णालयाने करावा, एवढी विनंती केली. त्याच पाकिटात, वेगळ्या कागदावर, सही करणाऱ्या डॉक्टरांना कळवले की मी त्यांना क्षमा केलेली नाही. पण त्यांच्या जागी बसून मीही हेच केले, अनेकदा, आणि मला सूचना देऊन बसवले होते. शेवटचे नेहमीचे वाक्य गाळले.

राग गेला आहे का, असे कोणी विचारले तर उत्तर देण्यास मी बांधील नाही. तो असेल. त्याला कुठल्या पत्त्यावर पाठवावे, हे आता मला माहीत नाही.

टपालखिडकीवरच्या बाईने 'किया ओरा' म्हटले, पाकीट तराजूवर ठेवले आणि विचारले, परत इंडिया? मी मान हलवली. मग तिने बऱ्याच महिन्यांनी विचारले, नोंदणी करायची का? मी म्हणालो, नको, साधेच जाऊ दे.